चादरीएवढं आकाश

काशीतल्या जुन्या घरांच्या मधोमध चौक असतो. चारी बाजूंनी भिंती आणि वर तेवढं आकाश उघडं. थेट ऊन तिथे उतरतं ते थोडाच वेळ. उरलेला दिवसभर असतो तो नुसता उजेड. कुठून येतो ते सांगता येत नाही आणि सावली शोधूनही सापडत नाही. 'अपराजितो' या चित्रपटातल्या हरिहरच्या काशीतल्या घराला हाच उजेड हवा होता. चौकाचा सेट उघड्यावर बांधायचा असं आधी ठरलंही होतं. पण पावसाच्या धास्तीने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो कलकत्त्यातल्या एका स्टुडिओत, छपराखाली उभा केला. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी चंद्रगुप्त आणि दिग्दर्शक सत्यजित राय, दोघांशीही वाद घातला. आकाशाचा बिनसावलीचा उजेड स्टुडिओतल्या दिव्यांनी आणणं अशक्य आहे, असं त्यांचं म्हणणं. वाद ते हरले. सेट होता तिथेच राहिला.

मग सुब्रतबाबूंनी, जिथे आकाश असायला हवं होतं तिथे, म्हणजे सेटच्या डोक्यावर, चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड बसवलं. दिवे नटांवर न रोखता खालून त्या कापडावर रोखले. उजेड कापडावर आपटला, पसरला आणि चौकात उतरला. चित्रपट 1956 साली पडद्यावर आला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला, आणि तो चौक छपराखालचा आहे हे आजही बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. हे करणारा माणूस तेव्हा पंचविशीचा होता. त्याच्या चारच वर्षं आधी 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा त्याने चित्रपटाचा कॅमेरा एकदाही चालवलेला नव्हता.

कमी पैशांत चित्रपट करायला निघालेल्या तरुण मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कोणता घेऊ? त्यांना मी आधी ही कापडाची गोष्ट सांगते. कारण उजेड आणि आवाज हे दोन्ही अंतर आणि आकार यांचे नियम पाळतात, आणि हे नियम बजेट बघून बदलत नाहीत. कोटींच्या सेटवर प्रकाश जसा वागतो तसाच तो दोन खोल्यांच्या घरात वागतो. मोठं बजेट वेळ वाचवतं, माणसं पुरवतं, मोठी जागा उजळून देतं. पण चेहऱ्यावर उजेड सुंदर का दिसतो, या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना सारखंच, आणि फुकट मिळतं.

ते उत्तर सूर्यापासून सुरू होतं. सूर्याचा व्यास जवळपास 14 लाख किलोमीटर. एवढा प्रचंड दिवा, तरी भर दुपारी त्याच्या उजेडात नाकाची सावली ओठावर सुरीसारखी धारदार पडते. असं का? कारण तो आपल्यापासून 15 कोटी किलोमीटर दूर आहे, आणि इतक्या अंतरावरून आभाळात तो व्यापतो फक्त अर्धा अंश. हात लांब करून करंगळीचं टोक समोर धरलं तर त्याखाली झाकला जाईल इतकाच. (हा प्रयोग सूर्यावर करू नका, चंद्रावर करा. आभाळात दोघांचा आकार सारखाच दिसतो, हेही एक आश्चर्यच.) आता एखादा पातळ ढग सूर्यासमोर येतो. सूर्य आहे तिथेच आहे, पण ढगाने त्याचा उजेड स्वतःच्या सगळ्या अंगभर पसरवून घेतलेला असतो. तुमच्या चेहऱ्याच्या दृष्टीने आता दिवा अर्ध्या अंशाचा राहिलेला नाही, तो आभाळाएवढा झालेला आहे. नाकाच्या एका बाजूने येणारा उजेड अडला तरी दुसऱ्या दहा दिशांनी तो सावलीत शिरतो आणि सावलीची कड विरघळते.

म्हणजे उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर दिवा किती मोठा दिसतो, त्यावर ठरतं. एवढं एक वाक्य मनात पक्कं बसलं की निम्मं प्रकाशयोजनेचं शिक्षण झालं असं मी मानते. उघडा बल्ब म्हणजे छोटा सूर्य. तोच बल्ब उलटा फिरवून जवळच्या पांढऱ्या भिंतीवर रोखला की भिंत हा दिवा होतो. तोच बल्ब पलंगपोसाच्या मागे ठेवला की पलंगपोस हा दिवा होतो. आणि तो पलंगपोस नटाच्या जवळ आणला की आणखी मोठा दिसतो, उजेड आणखी मऊ होतो. पैसे एकदाही खर्च झाले नाहीत, फक्त वस्तू सरकली. शूटिंगवर या सगळ्याला नावं आहेत. उजेड परतवणारा पांढरा फलक म्हणजे बाउन्स, पातळ कापडाची किंवा बटर पेपरची चौकट म्हणजे स्किमर, उजेड अडवणारं काळं कापड म्हणजे कटर. नावं शिकून घ्यावीत, सेटवर वेळ वाचतो. पण वस्तू घरातल्याच आहेत. एक काळजी मात्र हवी: कापड किंवा कागद एलईडी बल्बसमोर ठेवायला हरकत नाही, पण हॅलोजनसमोर कधीही नको, ते पेट घेतात.

आणि या वस्तू घरातल्याच होत्या, अगदी पहिल्या दिवसापासून. 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण दादरला झालं ते दिवसाच्या उजेडात. दादासाहेब फाळके यांच्या कॅमेऱ्यासमोर भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके करत. नटांच्या चेहऱ्यावरच्या काळ्या सावल्यांत त्या चादरीवरून उजेड जात असे. शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक, आणि रात्री काळोखात कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं. तेव्हा फिल्म भोकांशिवाय यायची आणि ती भोकं नसली तर कॅमेऱ्याचे दाते तिला पुढे ओढू शकत नसत. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये (2009) या संसाराची झलक आहे. 3 मे 1913 रोजी कोरोनेशन सिनेमात लोकांनी जे पाहिलं, त्यातल्या चेहऱ्यांवरच्या उजेडाचा काही भाग एका बाईने हातांनी तोलून धरलेला होता. भारतीय चित्रपटाच्या प्रकाशयोजनेचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचं पहिलं पान या चादरीचं असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं हातात घेऊन बघण्यासारखं आहे. घरात एखादी खिडकी अशी असते की जिच्यातून थेट ऊन येत नाही, नुसतं आकाश दिसतं. तिच्यापासून दोन-तीन फुटांवर कोणाला तरी बसवा, एक गाल खिडकीकडे करून. खिडकीकडचा गाल उजळलेला दिसेल, दुसरा हळूहळू सावलीत जाईल. आता त्या सावलीतल्या बाजूला पांढरा सनबोर्ड किंवा घडी केलेली चादर धरा आणि हळूहळू जवळ आणा. डोळ्याखालची काळोखी उजळते, गालाच्या रेषा निवळतात, वय दोन-चार वर्षांनी कमी झाल्यासारखं वाटतं. मग पांढरं काढून तिथे काळी घोंगडी धरा. हे बहुतेकांना अनपेक्षित असतं. वाटतं, काळं कापड काय करणार, ते तर काही देत नाही. पण खोलीच्या पांढऱ्या भिंती आपल्या नकळत त्या गालाला उजेड पुरवत होत्या, तो घोंगडीने गिळला. गाल खोल सावलीत गेला, जबड्याची रेषा वर आली, आणि आत्तापर्यंत साधा दिसणारा माणूस काहीतरी मनात दडवून बसल्यासारखा दिसू लागला. संवादाचं एक अक्षर बदललेलं नाही. फुकटात मिळणाऱ्या परिणामांमध्ये मला सगळ्यात थक्क करणारा हाच वाटतो. उजेड वाढवायला दिवा लागतो, पण उजेड काढून घ्यायला काळं काहीही चालतं, आणि नाट्य बहुतेक वेळा काढून घेण्यातच असतं.

त्या माणसाच्या डोळ्यांकडेही नीट पाहा. बुबुळात खिडकीचं इवलंसं प्रतिबिंब दिसेल, गजांसकट. तो ठिपका नसला तर डोळे निर्जीव दिसतात. नट खिडकीकडून वळला की ठिपका जातो, थोडा परत वळला की येतो. मोठे कॅमेरामन एवढ्यासाठी खास दिवा लावतात.

आता मागच्या भिंतीचं बघू. छोट्या घरात चित्रीकरण केलं की चेहरा आणि मागचं कपाट सारखंच उजळलेलं दिसतं आणि चित्र सपाट होतं. इथे अंतराचा नियम कामाला येतो. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. कारण तोच उजेड आता दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच जागेवर पसरलेला असतो. नट दिव्यापासून दोन फुटांवर आणि भिंत आठ फुटांवर असेल, तर भिंतीला नटाच्या सोळावा हिस्सा उजेड मिळतो आणि ती काळोखात बुडते. तोच दिवा मागे नेला, नट दहा फुटांवर आणि भिंत सोळा फुटांवर झाली, तर भिंतीला नटाच्या दोन पंचमांश उजेड मिळतो आणि कपाटाची कडी-कुलपं दिसायला लागतात. म्हणजे खोली काळोखी करायची की उजळ, हे दिवा पुढे-मागे करून ठरवता येतं. खिडकीसारख्या मोठ्या उगमाला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण कल तोच राहतो. नटाला खिडकीजवळ आणि भिंतीपासून लांब बसवलं की दहा बाय दहाच्या खोलीतही मागे खोलवर जागा आहे असं वाटतं. भिंतीला टेकून बसवलेला नट ही कमी बजेटच्या लघुपटांची जुनी खोड आहे. ती सोडायला एक पैसाही लागत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. खिडकीतलं आकाश निळसर असतं, घरातला पिवळा बल्ब नारिंगी. आपला मेंदू दोन्हीला पांढरं समजून घेतो, कॅमेरा समजून घेत नाही. म्हणून एकतर पिवळा दिवा बंद करावा, नाहीतर खिडकी झाकावी; दोन्ही ठेवायचे तर ते हेतूने ठेवावेत. आणि फोन स्वतःच्या मनाने रंग नि उजेड बदलत राहतो, तेव्हा पडद्यावर बोट दाबून धरून उजेड लॉक करावा आणि हाताने सेटिंग देणारं ॲप असेल तर रंगही लॉक करावा. ते केलं नाही तर नट एक पाऊल पुढे आला की आख्खी भिंत फिकी पडते.

फोनने किंवा स्वस्त कॅमेऱ्याने घरात चित्रीकरण केलं की कधी कधी चित्रावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. अनेकांना वाटतं कॅमेरा बिघडला. कॅमेरा ठणठणीत असतो. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येते. त्यामुळे कितीतरी ट्यूब आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा मंदावतात आणि पुन्हा पेटतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं, कारण त्याचं शटर प्रत्येक फ्रेमसाठी ठरावीक वेळच उघडतं. शटर एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुका मावतात, शंभराव्या भागाइतकं ठेवलं तर बरोबर एक, आणि पट्टे गायब होतात. अमेरिकेत वीज 60 आवर्तनांची. तिथल्या सवयीने साठावा भाग ठेवणारं सेटिंग आपल्याकडे पट्टे आणतं. फ्रेम सेकंदाला 25 ठेवल्या की हे गणित आणखी सरळ बसतं.

कोणता बल्ब लुकलुकतो हे दुकानातच पाहता येतं. फोनचा स्लो मोशन सुरू करून पेटलेल्या बल्बकडे धरा आणि नंतर चित्रण बघा. वाईट बल्ब धडधडताना दिसेल. आयुष्यभर स्थिर वाटलेल्या दिव्याला असं धडधडताना पहिल्यांदा बघणं हा विलक्षण अनुभव आहे. एकदा जरूर घ्या. जो बल्ब स्थिर राहील तो विकत घ्या, आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर लिहिलेला असेल तर उत्तम. तो आकडा कमी असला की त्वचेतला लाल रंग मरतो आणि नट आजारी दिसतात.

चित्राची बाजू इथे सोडते, कारण ज्या बाजूवर कमी बजेटचे बहुतेक चित्रपट खरोखर पडतात ती आवाजाची आहे. चित्र थोडं हललं, थोडं अंधारं झालं तरी प्रेक्षक ते शैली म्हणून स्वीकारतो. शब्द कळला नाही की तो उठून जातो. 2015 साली शॉन बेकर यांचा 'टॅन्जरिन' हा लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर घडणारा चित्रपट सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, आणि तो आयफोन 5 एसवर चित्रित झालेला आहे हे कळल्यावर जगभर चर्चा झाली. फोनपुढे रुंद चित्र देणारी भिंगं बसवली होती, फोन स्थिर ठेवायला छोटं उपकरण होतं. पण त्या चर्चेत एक गोष्ट मागे पडली: आवाज फोनवर घेतला नव्हता. तो रीतसर माइक लावून वेगळा मुद्रित केला होता. कुठे काटकसर करायची आणि कुठे नाही, हे बेकर यांना पक्कं माहीत होतं. तुमच्याकडे खर्चायला थोडेच पैसे असतील तर ते माइकवर खर्चा. कॅमेरा म्हणून खिशातला फोन चालेल.

माइक कोणता यापेक्षा तो कुठे आहे हे महत्त्वाचं, कारण इथेही तोच अंतराचा नियम आहे. तोंडापासून एक फुटावर असलेला माइक आठ फुटांवर नेला की त्याच्यापर्यंत थेट पोचणारा आवाज चौसष्टावा हिस्सा उरतो. पण गंमत पुढे आहे. खोलीत बोललेला शब्द भिंतींवर, फरशीवर, छतावर आपटून परत येतो, आणि हा परतलेला आवाज खोलीभर जवळपास सारखाच भरून राहिलेला असतो. माइक लांब नेला की थेट आवाज कोसळतो, परतलेला तेवढाच राहतो, आणि नट विहिरीत बोलल्यासारखा वाटतो. नंतर आवाज कितीही वाढवा, दोन्ही एकत्रच वाढतात. घुमलेला आवाज कोरडा करणं हे संकलनाच्या टेबलावर फार अवघड काम आहे. जागेवर मात्र माइक सात फूट पुढे आणला की झालं.

तो पुढे आणायचा कसा? नटाच्या शर्टाच्या खिशात दुसरा फोन ठेवून द्या, रेकॉर्डिंग चालू करून. लांबचं दृश्य असेल तर ही युक्ती महागड्या माइकच्या जवळपास जाते. इयरफोनला जोडलेला छोटा माइक साडीच्या पदराआड, छातीच्या उंचीवर, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीने लावता येतो. कापड त्यावर घासणार नाही एवढं पाहायचं, कारण सुळसुळ आवाज नंतर जात नाही. रेशमी साडी फार आवाज करते, सुती बरी. बाहेर वारा असेल तर माइकवर लोकरीचा पायमोजा चढवायचा. आणि खोली घुमत असेल तर गोधड्या आणायच्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेली गोधडी आवाज शोषायला अप्रतिम असते. आवाजाची लाट आत शिरते, हवा धाग्यांच्या जाळीतून इकडून तिकडे ढकलली जाते आणि घर्षणात लाटेची ऊर्जा किंचित उष्णता होऊन विरते. दोन गोधड्या कॅमेऱ्यामागे दोरीवर वाळत घातल्यासारख्या टांगायच्या, एक फ्रेमच्या खाली जमिनीवर अंथरायची. स्वयंपाकघरातल्या टाइल्समध्ये घेतलेला संवाद आणि तीन गोधड्यांमध्ये घेतलेला संवाद कानाला लावून बघा. पहिल्यात खोली ऐकू येते, दुसऱ्यात माणूस.

मग खोलीतली घरघर थांबवायची: पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायचा राहून जातो आणि ज्यांचं घर मागून घेतलेलं असतं त्यांचं दूध नासतं. यावर जगभरच्या युनिटांनी शोधलेला उपाय फार शहाणपणाचा आहे: फ्रिज बंद करणाऱ्याने गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.

आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला की तो चित्राशी जुळवावा लागतो. कॅमेऱ्यासमोर उभं राहून दोन्ही तळहात एकदा मोठ्याने आपटले तरी पुरतं. हात भिडले ती फ्रेम आणि आवाजातला तो टोकदार उंचवटा एकमेकांखाली आणायचे. सेटवरच्या पाटीचा खटका याच कामासाठी असतो. मात्र हात आपटणारा माइकच्या जवळ हवा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, आणि 25 फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढ्या वेळात आवाज पावणेचौदा मीटरच पोचतो. माइक एखाद्या लांबट अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर टाळी दिसल्यानंतर आख्खी एक फ्रेम उलटून जाईल, तेव्हा कुठे ती ऐकू येईल.

हालत्या कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण सुरुवात करणारे त्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. गोदारच्या 'ब्रेथलेस'साठी कॅमेरामन राऊल कुतार व्हीलचेअरमध्ये बसले होते. मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मंडळींनी 'मालेगाव के शोले'पासून पुढचे चित्रपट केले तेव्हा सायकल ही त्यांची ट्रॉली होती आणि बैलगाडी ही क्रेन. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ते सगळं मन लावून पाहण्यासारखं आहे. गुळगुळीत चाकं आणि धक्का न देणारा माणूस, एवढंच लागतं. स्थिर चित्रासाठी ज्वारीने अर्धी भरलेली पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तिच्यात फोन रुतवावा, तो हलत नाही. कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात पाव इंची बोल्ट बसतो. त्याला सुतळी बांधून दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ ठेवायची. हातांचा बारीक थरकाप ताणात जिरतो.

आवाजाच्या बाबतीत मात्र आणखी एका चित्रपटाबद्दल सांगायलाच हवं. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी 'एल मारियाची' सुमारे सात हजार डॉलरमध्ये केला, मेक्सिकोतल्या सिउदाद आकुन्या गावात, उसन्या 16 मिलिमीटर कॅमेऱ्याने. पैशांचा मोठा भाग त्यांनी औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर देऊन मिळवला होता. कॅमेरा एवढा खडखडाट करायचा की तो चालू असताना आवाज घेणं शक्यच नव्हतं. मग ते आधी चित्र घेत, कॅमेरा बंद करत, माइक नटांच्या अगदी जवळ नेत आणि तेच संवाद पुन्हा बोलून घेत. संकलनात ओठ आणि शब्द काही वेळ जुळायचे, मग सुटायचे. सुटले की रॉड्रिगेझ दुसऱ्या कशावर तरी जात: ऐकणाऱ्याचा चेहरा, एखादा कुत्रा, टेबलावरची वस्तू. पुन्हा जुळेल तिथे परत येत. प्रेक्षकांना हा वेग चित्रपटाचा जोम वाटला. हे वाचून नवख्यांनी एक सवय लावून घ्यावी: प्रत्येक दृश्यात बोलणाऱ्यांखेरीज पाच-सहा गोष्टी टिपून ठेवाव्यात. हात, दार, पंख्याची सावली, ऐकणारा माणूस. संकलनाच्या टेबलावर अडलं की हेच तुकडे सोडवतात.

आणि चित्रपट करण्याआधी एक धडा जरूर गिरवा. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्याआधी पैसे उभे करायला त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. पौराणिक चित्रपटाला हात घालण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ त्याची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म ज्यांनी पाहिली त्यांच्यापैकी काहींनी मग मोठ्या चित्रपटासाठी पैसे दिले. आपण हे फोनवर करू शकतो. खिडकी जाड पडद्याने पूर्ण बंद करायची, म्हणजे दिवस-रात्रीचा फरक चित्रात येणार नाही. स्थिर ठरलेला बल्ब पांढऱ्या सनबोर्डवर रोखून कुंडीवर परतवायचा आणि तो दहा दिवस चालूच ठेवायचा. मागे दोन हातांवर काळी घोंगडी. फोन ज्वारीच्या पिशवीत रुतवून चार्जरला जोडायचा, उजेड आणि रंग लॉक करायचे, आणि ॲपमध्ये दर पंधरा मिनिटांनी एक फोटो असं लावायचं. दिवसाचे 96 फोटो होतात, दहा दिवसांचे 960. सेकंदाला 24 च्या वेगाने ते 40 सेकंद चालतात. वाटाणा रात्रभर भिजवून पेरा, आणि पाणी घालताना कुंडी हलणार नाही अशा बेताने कडेने ओता, नाहीतर अंकुर मध्येच उडी मारताना दिसेल.